बिननावाचं पिवळं कार्ड

चार वर्षं दर सोमवारी सकाळी मी एकच वाक्य म्हणत आले. ट्रेनिंग रूममध्ये नव्यानं भरती झालेले वीस-पंचवीस जण बसलेले असायचे, नवे कोरे सेफ्टी शूज त्यांच्या पायांना चावत असायचे, आणि मी हातात एक कार्ड धरून सांगायचे, "यावर नाव लिहायची गरज नाही. कुणी लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. हा माझा शब्द." शेवटचे तीन शब्द मी माझ्या पदरचे घातले होते. कंपनीच्या स्लाइडवर ते नव्हते.

मी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. गाड्यांचे पत्र्याचे लहानमोठे भाग आमच्याकडे बनतात. राहायला सांगवीत, त्यामुळे सकाळी उजाडता उजाडता कंपनीची बस गाठते आणि दुपारी तिनंच परत येते. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, सगळे मला सेफ्टी मॅडम म्हणतात. मी दिसले की लोक कपाळावरचा चष्मा पटकन डोळ्यांवर ओढतात आणि मी वळले की परत कपाळावर चढवतात. पाठीला डोळे नसले तरी मला हे कळतं, आणि दर वेळी तितकाच राग येतो.

कार्डाचं काय ते सांगते. कुणाला लागलं तर अपघात म्हणून नोंद होते. पण लागता लागता वाचलं, हात थोडक्यात निसटला, वरून पडलेली पेटी पायाशेजारी आदळली, तर ते कुणाला सांगायचं? त्यासाठी हे कार्ड. काय दिसलं, कुठं दिसलं, दोन ओळी लिहायच्या आणि कॅन्टीनच्या दारातल्या पेटीत टाकायच्या. शॉपमध्ये याला निअर मिस म्हणतात. आज जो वाचला तो उद्या वाचेलच असं नाही, म्हणून आजच सांगून ठेवायचं, इतकी साधी गोष्ट आहे.

पण आपल्याकडे साधी गोष्ट साधी राहत नाही. प्रत्येक लाइनला महिन्याला दहा कार्डांचं टार्गेट होतं. महिनाभर पेटीत चॉकलेटचे कागद सापडायचे, एकदा तर अर्धा वडापाव निघाला. मग अठ्ठावीस तारीख उजाडली की लाइनचे जुने लोक चहाच्या टेबलावर बसून, एकाच पेनानं आणि एकाच अक्षरात, दहाच्या दहा कार्डं भरून टाकायचे. 'जमिनीवर तेल सांडले आहे.' 'पायरीवर पाणी आहे.' दर महिन्याला तेच तेल आणि तेच पाणी. इतकं तेल खरंच सांडत असतं तर आम्ही पार्ट बनवायचं सोडून भजी तळली असती. मी ती कार्डं निमूट मोजून वर पाठवायचे. कागदी घोडे नाचवण्यात मीही काही कमी नव्हते.

एका आढाव्यात प्लांटच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "नव्या लोकांचा सहभाग किती?" मला सांगता येईना. कार्डावर नावच नाही, तर नवा कोण आणि जुना कोण हे कळणार कसं? त्या दुपारी बस नाशिक फाट्याच्या सिग्नलला अडकली होती आणि तिथं मला युक्ती सुचली. सहा महिन्यांच्या आतल्या लोकांना पिवळी कार्डं द्यायची, बाकीच्यांना पांढरी. नाव नाहीच, पण नव्यांची किती आली ते एका नजरेत दिसेल. साहेब म्हणाले, "ब्रिलियंट." तो एक शब्द मी चार दिवस चघळत होते. घरीसुद्धा सांगितला.

पिवळी कार्डं छापून आली त्याच आठवड्याच्या बॅचमध्ये एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीच्या आसपासचे. बाकी सगळी विशी-बाविशीची पोरं. हे मूळचे परभणीकडचे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वीसेक वर्षं त्यांनी प्रेस चालवली होती. मालकानं शटर ओढलं आणि या वयात ते कंत्राटदाराकडून 'नवीन' म्हणून आमच्याकडे आले. पहिल्या तासातच पोरं त्यांना काका म्हणायला लागली, मग मीही.

माझं वाक्य म्हणून झालं. "काही शंका?" असं मी विचारते तेव्हा कुणी हात वर करत नाही. काकांनी केला.

"मॅडम, नाव लिहायचं नाही म्हणता, मग हे पिवळं कशाला?"

पोरं हसली. मी म्हटलं, "ते फक्त मोजायला, काका."

"मोजायला होय," ते म्हणाले. कार्ड दोन्ही बाजूंनी पाहून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं.

इतक्या सरळ प्रश्नाला मी इतकं उथळ उत्तर दिलं याची आज मला चीड येते. वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस माझ्या ब्रिलियंट युक्तीतलं भोक मला बोट ठेवून दाखवत होता आणि मी त्याला मोजणी शिकवत होते.

तीन आठवड्यांनी, ऐन महिन्याच्या मध्यावर, पेटीत एक पिवळं कार्ड निघालं. निळ्या बॉलपेननं, दाबून लिहिलेलं. "प्रेस नंबर चार. डाव्या हाताचं बटन दाबून त्यात वायसर अडकवलंय. एकाच बटनावर मशीन चालायलीय. मोकळा हात डायमध्ये जायलाय. काल दोनदा थोडक्यात वाचला."

प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. वरची डाय, म्हणजे साचा, खाली आपटते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बाहेर असावेत म्हणून त्याला दोन बटणं असतात आणि दोन्ही एकदम दाबली तरच ते चालतं. एक बटण दाबून त्याच्या कडेला नटाखाली घालतात ते वायसर अडकवलं की बटण वर येत नाही. मग एक हात मोकळा. पार्ट भराभर निघतात, आणि तो मोकळा हात डायच्या खाली असतो.

'काल दोनदा' वाचून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. चार वर्षांत पहिलं खरं कार्ड, आणि तेही नव्या माणसाचं. मी तिथंच कॅन्टीनच्या दारात त्याचा फोटो काढला, सकाळच्या मीटिंगच्या स्लाइडवर चढवला आणि वर लिहिलं, 'नव्या सहकाऱ्याचं अभिनंदन!'

पडद्यावर ते कार्ड दाराएवढं दिसत होतं, हळदीसारखं पिवळंधमक. समोर प्रेस शॉपचे इनचार्ज बसले होते. चाकणजवळच्याच एका जुन्या गावातल्या घरचे, बोलायला गोड, कुणाच्याही लग्नाला हमखास हजर असणारे. त्यांनी कार्ड वाचलं, खुर्चीत मागं रेलले आणि हसून म्हणाले, "चार नंबरला पिवळं म्हंजी आमचे काकाच की. दुसरा नवीन हाय कोन तिथं?"

सगळे हसले. माझंही तोंड हसण्यासाठी अर्धं उघडलं होतं, ते तसंच राहिलं. पडदा बंद करायचं बटण मला सापडेना. हातातला रिमोट उलटा धरला आहे हे शेजारच्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

वायसर त्याच दिवशी निघालं. मी स्वतः जाऊन पाहिलं, तेवढं खरं. पण दोन्ही बटणं दाबून काम करायचं तर पार्ट कमी निघतात आणि टार्गेट होतं तेवढंच राहतं. लाइनला रोज तासभर जास्त थांबावं लागायला लागलं. लोकांच्या बस चुकायला लागल्या. राग काढायचा कुणावर? वायसर अडकवायला लावणारा साहेब, त्याच्यावर कोण काढणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. कॅन्टीनमध्ये काकांच्या टेबलावर कुणी बसेना. चार खुर्च्यांच्या टेबलावर ते एकटे ताट घेऊन, भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसावं असं मला रोज वाटायचं. पण मी बसले तर लोकांची खात्रीच पटेल, त्यांना आणखी त्रास होईल, म्हणून मी बसत नव्हते. निदान स्वतःला मी हेच कारण सांगत होते.

दहा-बारा दिवसांनी गेटवर त्यांचा पास लागेना. सिक्युरिटीनं सांगितलं, कंत्राटदाराला भेटा. मला हे चहाच्या वेळी कुणीतरी सहज सांगितलं, बसचं वेळापत्रक बदलल्याचं सांगावं तसं.

मी एचआरकडे धावले. तिथला मुलगा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "मॅडम, तो आपला माणूसच नाही, कंत्राटदाराचा आहे." मी त्याला हात जोडले. अक्षरशः जोडले, दरवाजा उघडा होता तरी. त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं. मग अर्धा दिवस रजा टाकून आंबेठाण चौकाजवळच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, "ताई, कंपनीनं परत पाठवला. मी कारण विचारत बसलो तर माझी बाकीची माणसं पण परत येतील." प्रेस शॉपच्या इनचार्जना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, मी काय केलं? मी तर वायसर काढलं. अभिनंदन तर तुमीच केलं की त्याचं." शेवटी मोठ्या साहेबांना मेल लिहिला, चांगला लांबलचक, की चूक माझी आहे, रंगाची कल्पना माझी, कार्ड पडद्यावर मी दाखवलं, माणसाला परत घ्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. नोटेड. त्यांच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला होता.

इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते. प्रत्येक दारावर लोक माझ्याशी नीट बोलत होते, खुर्ची देत होते, आणि एकाही दारातून काही हलत नव्हतं. कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी पत्ता शोधत भोसरीला काकांच्या खोलीवर गेले. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. ती आयटीआय करत होती, कॉटवर तिचा ड्रॉइंगचा कागद पसरलेला होता, तो तिनं माझ्यासाठी गुंडाळून ठेवला. काय बोलायचं ते मी बसस्टॉपपासून घोकत आले होते. काका, मी तुम्हाला शब्द दिला आणि मीच तुमचं कार्ड सगळ्यांसमोर पडद्यावर लावलं. एवढं एकच वाक्य.

पण काकाच आधी बोलले. "कुणीतरी टाकताना बघितलं असंल, मॅडम. जेवायच्या सुट्टीत, एवढ्या लोकांत टाकलं. माझंच चुकलं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी पोह्यांची बशी पुढं केली आणि मी पोहे खायला लागले.

"वायसर निघालं ना पण?" त्यांनी विचारलं.

"निघालं."

"मग झालं." त्यांनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "इथं वर्कशॉपात माझा एक जोडीदार होता. ऑर्डर निघायची होती, मालक घाई करायलता. त्याच्या मशीनला वायसर मीच अडकवून दिलं. तीन बोटं गेली. सगळे म्हणले, जिवावरचं बोटावर निभावलं. पण बोटं त्याची होती, मॅडम. वायसर कुणी घातलं ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. म्हणून म्हणलं, आता आपण तरी सांगावं."

मुलगी दारात उभी होती. तिनं हे आधी ऐकलं होतं की नाही, तिच्या तोंडावरून मला कळलं नाही.

तो माणूस चहा पिता पिता आपलं सगळ्यात मोठं पाप सांगून मोकळा झाला. मी माझं पोह्यांबरोबर गिळलं आणि खाली येऊन रिक्षात बसले. मोशीपर्यंत की पिंपरीपर्यंत, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, मला सांगवी हा शब्दच आठवेना.

दुसऱ्याच दिवशी मी उरलेली पिवळी कार्डं रद्दीत टाकली आणि सगळ्यांसाठी पांढरी केली. काही उपयोग झाला नाही. काकांची गोष्ट नव्या लोकांना माझ्याआधी बसमध्येच कळायची. मी वर्गात बोलायला लागले की ते माझ्याकडे इतक्या आदरानं बघायचे की त्यांनी एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय हे दिसायचं. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पेटीत तेल आणि पाणी येत राहिलं. एक बटण अडकवलं तर मशीनच बंद पडेल असा जोड चार नंबरला बसवता येतो. मी त्याची मागणी टाकली. ती फाइल अजून वर फिरते आहे, पुढच्या बजेटमध्ये बघू म्हणतात.

मग मी रोज सकाळी स्वतःच प्रेस शॉपमध्ये जायला लागले. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी चार नंबरच्या डाव्या बटणात वायसर दिसलं. मशीनवर एक पंचविशीची बाई होती, जवळच्याच गावातली सून, दोन आठवड्यांपूर्वी माझ्या वर्गात बसलेली. मी मशीन थांबवायला लावलं आणि वायसर उपटून काढलं.

"हे कुणी अडकवायला सांगितलं?"

ती वायसरकडे बघत होती. "मॅडम, लिवू नका."

"आता कार्ड सगळ्यांचं पांढरंच असतं. कुणाला कळणार नाही."

"रंगाचं काय घिऊन बसलात मॅडम? हितं नवीन मी एकलीच हाय. तुमी लिवलं तरी मीच सांगितलं म्हनतील. त्या काकांचं म्हाईत हाय आमाला." तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरी सासरे कामावर धाडत नव्हते. लई भांडून आलीय मी. लिवनार न्हाई ना? शब्द द्या."

तिचा डावा हात मशीनच्या कडेवर होता, हिरवा चुडा आणि तेलानं काळी झालेली नखं. ती पाच बोटं मी मोजल्यासारखी पाहिली. लिहिलं तर तिची नोकरी जाणार होती. नाही लिहिलं तर काय जाणार होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी तिला शब्द दिला. आणि हा शब्द मात्र मी पाळला.

ते वायसर मी पर्समध्ये टाकलं. दोन दिवसांनी तिथं दुसरं होतं. तेही काढलं. आता माझ्या टेबलाच्या खणात वायसरांचा ढीग झाला आहे. मी काढते, कुणीतरी घालतं. सुट्टीच्या दिवशीही सकाळी आठ वाजले की माझी नजर घड्याळाकडे जाते, आज मी तिथं नाही म्हणून.

अशाच एका दुपारी बसमध्ये असताना काकांचा फोन आला. ते अधूनमधून करायचे. कुठल्याशा गोडाऊनमध्ये वॉचमन म्हणून लागले होते.

"मॅडम, चार नंबर नीट चालायलीय ना?"

त्या सकाळी काढलेलं वायसर माझ्या पर्समध्ये होतं. "नीट आहे, काका."

"बरं झालं. एवढं तरी झालं." त्यांचा आवाज खरंच हलका झाला. "एक सांगायचं होतं. पोरीचं आयटीआय झालं. दुसऱ्या कंत्राटदाराकडून तुमच्याच कंपनीत लागलीय. सोमवारी येईल. मी सांगितलंय तिला, काही दिसलं की गप बसू नको, लिहून टाक. तिथं मॅडम आहेत, शब्दाच्या पक्क्या आहेत."

मी बरं म्हणून फोन ठेवला. शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली, का ते मी विचारलं नाही.

रविवारभर मी कागद घेऊन बसले. या वेळी खरं सांगायचं ठरवलं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? लिहा म्हणावं तर पोरीची नोकरी, लिहू नका म्हणावं तर पोरीचा हात. मी स्वतः लिहिलं तर 'मी नाही, मी नाही' म्हणत सगळे बाजूला होणार. तीन वेळा लिहून काढलं आणि तिन्ही कागद फाडले. सोमवारी आजारी पडावं असंही मनात आलं. पण मग दुसरं कुणीतरी उभं राहिलं असतं आणि त्यानं स्लाइड वाचली असती.

ती पहिल्याच रांगेत बसली होती. केस घट्ट बांधलेले, नव्या बुटांच्या नाड्या दोनदा गुंडाळून गाठ मारलेल्या. मला पाहून ती ओळखीचं हसली. पाठीमागं एचआरचा तो मुलगा हजेरीचा कागद घेऊन उभा होता. मी हातात पांढरं कार्ड घेतलं. मी बोलायला सुरुवात केली आणि माझाच आवाज मला ऐकू आला, चार वर्षं घासून गुळगुळीत झालेला, कुठंही न अडखळणारा. "यावर नाव लिहायची गरज नाही. कुणी लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. हा माझा शब्द."

तिनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं, शेवटच्या तीन शब्दांसकट.